दोन हृदये, एक वाणी : गर्भिणीच्या मनाची वाङ्मयीन काळजी

‘डोहाळे’ हा शब्द मराठीत इतका घरगुती झाला आहे की त्याच्या पोटात एक संपूर्ण मानसशास्त्र दडलेले आहे हे सहसा ध्यानात येत नाही. संस्कृतातील ‘दोहद’पासून तो आला आणि ‘दोहद’चे नाते परंपरेने ‘दौहृद’शी, म्हणजे द्विहृदयतेशी, जोडले. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, वैद्यकाने आणि काव्याने ती खरी मानून व्यवहार केला. जिच्या ठायी दोन हृदये आहेत तिची इच्छा कोणाची मानायची, हा प्रश्न या शब्दाबरोबरच जन्माला आला. गर्भवतीचे मन प्रसन्न ठेवावे, याविषयी भारतीय परंपरेत दुमत नाही. पण ते कोणासाठी प्रसन्न ठेवायचे, आणि ते अप्रसन्न असेल तर त्याचे बोलणे कोण ऐकणार, याचा उलगडा शास्त्रवचनांतून होत नाही. तो काव्यनाटकांतून, ओव्यांतून आणि आत्मकथनांतून शोधावा लागतो.

आरंभ अर्थातच वैद्यकापासून करावा लागतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निरनिराळ्या बाबतींत श्रेष्ठ काय याची जी लांबलचक यादी आहे, तीत गर्भ टिकवणाऱ्या गोष्टींमध्ये अग्रस्थान सौमनस्याला दिले आहे. औषधाला नव्हे, आहारालाही नव्हे, मनाच्या प्रसन्नतेला. शारीरस्थानात चरक द्वैहृदय्याचा काळ तिसऱ्या महिन्यात धरतो, सुश्रुत चौथ्यात. गर्भाचे हृदय मातृज असून रसवाहिन्यांनी ते मातेच्या हृदयाशी जोडलेले आहे, म्हणून एकाची इच्छा ती दोघांची, असे चरकाचे प्रतिपादन आहे. तिची ओढ फारच तीव्र असेल तर अपथ्य पदार्थही पथ्यात मिसळून द्यावा, कारण इच्छा दडपण्याने होणारा अपाय अपथ्याहून मोठा आहे, इथपर्यंत तो जातो. गर्भवतीच्या इच्छेला एवढे वजन देणारे वैद्यक प्राचीन काळी निर्माण व्हावे, ही साधी गोष्ट नव्हे. स्त्रीवादी समीक्षेने परंपरेकडे केवळ दमनाचा इतिहास म्हणून पाहिले तर हे वजन तिच्या हातून निसटेल.

मात्र याच शास्त्राची दुसरी बाजू तितकीच ठसठशीत आहे. सुश्रुताच्या मते दौहृदाची अवहेलना झाली तर संतती कुबडी, पंगू, खुजी वा दृष्टिहीन निपजते. पुढे तो इच्छांचा जणू कोशच देतो : राजदर्शनाची इच्छा झाली तर मूल भाग्यवान, रेशमी वस्त्रांची झाली तर अलंकारप्रिय, आश्रम पाहण्याची झाली तर संयमी आणि धर्मशील. म्हणजे इच्छा ही इच्छा राहतच नाही, ती लक्षण होते. स्त्री काही मागते तेव्हा तिच्या मुखातून भविष्य बोलत असते आणि ऐकणाऱ्याचे काम ते भविष्य वाचण्याचे असते. चरकाने गर्भाला अपायकारक अशा स्त्रियांची जी गणना केली आहे तीत सदैव शोक करणारी स्त्री आहे. तिचे मूल भित्रे, कृश वा अल्पायुषी होते. रागीट स्त्री आहे आणि अतिनिद्रा घेणारीही आहे. शोकाचे कारण काय, हे या यादीत विचारलेले नाही. दुःखाला येथे परिणाम आहेत, कारणे नाहीत. आणि दुःख हा तिचा अनुभव न राहता तिचा अपराध होऊ लागतो. अभिमन्यूच्या लोकप्रिय कथेत हेच घडले आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात अभिमन्यू एवढेच सांगतो की चक्रव्यूहात शिरण्याची विद्या पित्याने आपल्याला दिली, बाहेर पडण्याची नाही. गर्भातून ऐकण्याचा आणि ऐकता ऐकता सुभद्रेला झोप लागण्याचा भाग नंतरच्या परंपरेने रचला. थकलेल्या गर्भवतीची डुलकी ही तिच्या पुत्राच्या मृत्यूचे कारण ठरवणारी ही रचना आजही कौतुकाने सांगितली जाते.

काव्याने वैद्यकाचा हा संकेत उचलला तेव्हा त्यातील ताण आपोआप उघड झाला. कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेचे डोहाळे आहेत. राजा दिलीप ते पुरवण्यासाठी उत्सुक आहे आणि सारे सुरळीत आहे. पण चौदाव्या सर्गात तोच संकेत उलटा फिरतो. सीतेला गंगाकाठची तपोवने पुन्हा पाहावीशी वाटतात आणि तिच्या त्यागासाठी राम नेमके तेच निमित्त वापरतो. वाल्मीकींच्या उत्तरकांडातही राम आधी प्रेमाने इच्छा विचारतो आणि लोकापवाद त्याच्या कानी पडतो तो नंतर. आश्रम पाहण्याची इच्छा म्हणजे धर्मशील पुत्र, हा सुश्रुताचा दाखला येथे शब्दशः खरा ठरतो हे खरेच. परंतु तो खरा ठरण्यासाठी इच्छा करणारीला अरण्यात सोडून द्यावे लागते.

या ताणाचे सर्वांत सखोल नाट्यरूप भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात आढळते. राम आणि सीता यांचे करुण नाटक म्हणून त्याचे विवेचन विपुल झाले. गर्भवतीच्या मनःस्वास्थ्याचे नाटक म्हणून ते फारसे वाचले गेले नाही. वस्तुतः पहिल्या अंकाची सारी हालचाल त्याच प्रयोजनातून होते. जनक मिथिलेला परत गेले आहेत, त्यामुळे सीता खिन्न आहे, आणि तिचे सांत्वन करण्यासाठी राम धर्मासन सोडून अंतःपुरात आला आहे. घरातील वडीलधारी माणसे ऋष्यशृंगाच्या दीर्घ सत्रासाठी निघून गेली आहेत. दिवस भरत आलेली गर्भवती स्त्री, नुकताच दुरावलेला पिता, रिकामे घर : नाटककाराने खिन्नतेची कारणे अशी मोजून मांडली आहेत. चरकाच्या यादीत नसलेला प्रश्न भवभूती पहिल्याच प्रसंगात विचारतो.

त्यानंतर अष्टावक्र निरोप घेऊन येतो. गर्भात असतानाच पित्याच्या शापाने ज्याची आठही अंगे वाकडी झाली, त्याच ऋषीच्या हाती नाटककाराने हा निरोप द्यावा, यातील सूचकता रसिकाने पारखावी. निरोप दोन आहेत. अरुंधती, शांता आणि सासवा यांचा निरोप असा की सीतेला जे जे डोहाळे होतील ते विनाविलंब पुरवावेत. वसिष्ठांचा निरोप असा की राज्य नवे आहे, तेव्हा प्रजेच्या अनुरंजनात तत्पर राहावे. दोन्ही निरोप एकाच मुखातून, एकापाठोपाठ येतात. पहिला स्त्रियांचा, दुसरा पुरुषाचा. पहिला घराचा, दुसरा सिंहासनाचा. दुसऱ्या निरोपाला राम तत्क्षणी जे उत्तर देतो त्यात प्रजेसाठी जानकीचाही त्याग करताना आपल्याला व्यथा होणार नाही अशी ग्वाही आहे, आणि ते उत्तर सीता जवळ बसून ऐकते. इतकेच नव्हे, त्याचे कौतुकही करते. तिच्या मनःशांतीची व्यवस्था आणि तिच्या विनाशाची व्यवस्था एकाच संभाषणात, एकाच सौजन्याने होते. अंकाचा उरलेला भाग म्हणजे या दोन निरोपांची अंमलबजावणी आहे.

चित्रदर्शनाचा प्रसंग याच दृष्टीने पुन्हा पाहावा लागतो. गतजीवनाची चित्रे लक्ष्मण आणतो ती तिच्या विरंगुळ्यासाठी. पण विरंगुळ्याचे साधन भयाचे कारण होते : शूर्पणखेच्या चित्रापाशी ती दचकते, आणि हे केवळ चित्र आहे असे रामाला सांगावे लागते. गर्भवतीच्या भीतीला ‘हे खरे नव्हे’ असे उत्तर देणारा हा पहिला नवरा नसेल. पुढील घटना मात्र तिच्या भीतीची बाजू घेतात. चित्रे पाहूनच तिला पुन्हा त्या शांत वनांत हिंडावे, भागीरथीत स्नान करावे असा डोहाळा होतो. रथाची आज्ञा सुटते. आपण बरोबर याल ना, असे ती विचारते आणि हे का सांगायला हवे, असे उत्तर मिळते. मग ती रामाच्या बाहूवर डोके ठेवून झोपते, दुर्मुख वार्ता घेऊन येतो, आणि ती झोपेत पतीला हाका मारीत असताना तो तिच्या डोक्याखालचा हात काढून घेतो. जागी झाल्यावर ती आनंदाने रथात बसते. डोहाळा पुरवला गेला आहे, विनाविलंब, वडिलांच्या आज्ञेप्रमाणे. निरोपातील एकही शब्द मोडलेला नाही.

मराठी परंपरेत डोहाळ्यांना जे रूप आले त्यात दोन प्रवाह स्पष्ट दिसतात. संतपंडितांच्या आख्यानपरंपरेत, एकनाथांच्या भावार्थरामायणात आणि पुढे श्रीधराच्या रामविजयात, कौसल्येचे डोहाळे हा रंगवून सांगितलेला भाग आहे. दशरथ इच्छा विचारतो आणि उत्तर येते ते गर्भस्थ रामाच्या भूमिकेतून. राणीला काही बाधा झाली की काय, अशी राजाला शंका येते आणि वसिष्ठांना समजूत घालावी लागते. भक्तीच्या दृष्टीने हा अवताराचा साक्षात्कार आहे. वाणीच्या दृष्टीने पाहिले तर दौहृदाच्या कल्पनेचे हे टोक आहे : दोन हृदयांपैकी एकाने दुसऱ्याची जीभ पूर्णपणे ताब्यात घेतली आहे. कौसल्येला स्वतःला काय हवे होते, हा प्रश्न दशरथाने विचारला होता. त्याचे उत्तर काव्यात येत नाही.

दुसरा प्रवाह बायकांच्या गाण्यांचा. तिसऱ्या महिन्यातील चोरओटी, सातव्यातील डोहाळजेवण, फुलांची वाडी, झोपाळा, चांदण्यातील जेवण या साऱ्या आचारांत गर्भवतीला मध्यभागी बसवून तिला ‘काय हवे’ असे गाण्यातून विचारणे हा गाभा आहे. तिच्या उत्तरांचे संकेतही ठरलेले : चिंचा, कैऱ्या, पेरू, महिन्यामागून महिने. परंतु ही फळे बहुधा कुठल्या तरी विशिष्ट झाडाची असतात आणि ते झाड माहेरच्या परसात असते. सासरी राहून माहेर मागणे हे उद्धटपणाचे. माहेरची कैरी मागणे हा गर्भाचा हक्क. शास्त्राने जी इच्छा गर्भाच्या नावावर चढवली होती, तिच्याच आडोशाने स्त्रियांनी आपली इच्छा बोलून घेतली. द्विहृदयतेचा हा उपयोग चरकाला अभिप्रेत नव्हता. आणि भवभूतीच्या सीतेची खिन्नताही माहेराचीच होती, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. त्याच आचारात पेढा की बर्फी हा वाट्यांचा खेळही शिरला आहे. डोहाळे विचारता विचारता मुलगा की मुलगी याचा कौल लावणारा हा खेळ निरुपद्रवी समजला जातो. तो तसा नाही, याचा पुरावा पुढे येईल.

जात्यावरच्या ओवीत तर सीतेचा वनवास हा मोठाच विषय आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून १९८०च्या दशकापासून गोळा केलेल्या, लाखाच्या घरात जाणाऱ्या ओव्यांच्या संग्रहात सीतेच्या ओव्यांना ठळक स्थान आहे. तेथे रामाच्या राजधर्माची मीमांसा फारशी नाही. रानात दिवस भरलेली बाई एकटी आहे, तिच्याजवळ कोण असेल, तिचे बाळंतपण कोण करील, ही चिंता आहे. गाणाऱ्या बाईला सीतेच्या पुत्रांच्या पराक्रमापेक्षा सुईणीचा प्रश्न निकडीचा वाटतो. पंडितांनी ज्या मनाचे फलित पाहिले त्या मनाची सोबत ओवीने पाहिली.

पण डोहाळे विचारले जाण्यासाठी आधी गर्भ मान्य असावा लागतो. ज्या गर्भाला घर नाही त्याला दौहृद नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्याप्रतिबंधक गृह काढले ते अशाच स्त्रियांसाठी. तेथे आलेल्या काशीबाईचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. सावित्रीबाईंचे नायगावहून लिहिलेले २९ ऑगस्ट १८६८चे पत्र या संदर्भात वाङ्मयीन दस्तऐवज म्हणूनही वाचावे असे आहे. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि सारजा ही अस्पृश्य समाजातील तरुणी यांना गावकरी मारायला निघाले असता सावित्रीबाईंनी त्यांना वाचवले. सारजा सहा महिन्यांची गर्भवती असल्याची नोंद त्या पत्रात आहे. सातव्या महिन्याच्या उंबरठ्यावर एकीभोवती बायका गाणी म्हणत जमतात, दुसरीभोवती गाव काठ्या घेऊन जमते. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) महारवाड्यातील बाळंतपणांचे जे वर्णन आहे त्यात आणखी एक अभाव पुढे येतो. तेथे बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही आणि भूक मारण्यासाठी पोटाला फडके घट्ट बांधले जाते. डोहाळ्यांची सारी परिभाषा खाण्याच्या इच्छेभोवती रचलेली आहे. भुकेल्या बाईच्या खाण्याच्या इच्छेला ती नाव देत नाही, कारण त्या इच्छेत गूढ असे काहीच नाही.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याची घडण वेगळीच जाणवू लागते. अविवाहित शिक्षिका लीला बेणारे गर्भवती आहे, गर्भाचा पिता प्राध्यापक दामले अनुपस्थित आहे, आणि वेळ घालवण्यासाठी म्हणून सहकलावंतांनी मांडलेला खोटा खटला हळूहळू खरा होतो. या नाटकाची चर्चा बहुधा हिंसा, मध्यमवर्गीय दांभिकता, नाटकातील नाटक या अंगांनी झाली. पण रंगमंचावरील रचना पाहावी : मधोमध गर्भवती बसवली आहे, भोवती माणसे जमली आहेत, आणि सगळे तिला प्रश्न विचारीत आहेत. हे उलटे केलेले डोहाळजेवण आहे. फक्त ‘तुला काय हवे’ याऐवजी ‘तू काय केलेस’ असे विचारले जाते. सौ. काशीकर या स्वतः निपुत्रिक आहेत, आणि ओटी भरणाऱ्या सुवासिनीच्या जागी त्या साक्षीदार म्हणून उभ्या राहतात, हे नाटककाराने योजले असो वा नसो, अर्थपूर्ण आहे. पर्समधून निघणारी टिक ट्वेन्टीची बाटली हा या बाईचा एकमेव ‘डोहाळा’ तेथे वाचला जातो, आणि तोही पुरावा म्हणून. तिच्या मनाची अवस्था इतकी उघडी पडूनही कोणी तिच्याजवळ बसत नाही.

बेणारेचे शेवटचे दीर्घ स्वगत कोर्टाने दिलेल्या काही सेकंदांत घडते आणि इतर पात्रे त्या काळात थिजलेली असतात. म्हणजे प्रेक्षकाशिवाय ते कोणीही ऐकत नाही. त्यात ती आपल्या देहाला दोषही देते आणि त्याच देहात वाढणाऱ्या जिवासाठी तो देह आता हवा आहे असेही म्हणते. कौसल्येप्रमाणे येथेही जगण्याचे कारण गर्भच आहे. पण फरक महत्त्वाचा आहे : हे कारण बेणारे स्वतः निवडते आणि स्वतः उच्चारते. द्विहृदयता येथे कोणी तिच्यावर लादलेली नाही. शिक्षा होते ती नेमकी तिच्यावर. तिने जगावे, गर्भाने नष्ट व्हावे. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या आज्ञेने संपतो. नाटकानंतर चार वर्षांनी, १९७१ साली, झालेल्या गर्भपातविषयक कायद्याने गर्भवतीच्या मानसिक आरोग्याला होणारी इजा विचारात घेतली. परंतु गर्भनिरोधन फसल्याने होणारा मनस्ताप गृहीत धरला तो विवाहितेचाच. ‘कोणतीही स्त्री’ असा शब्द तेथे यायला २०२१ची दुरुस्ती लागली. बेणारेच्या मनाला कायद्याच्या भाषेत जागा मिळण्यास अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

ज्युलिया क्रिस्तेवाने ‘स्टाबात मातेर’ या १९७७च्या निबंधात पान दोन स्तंभांत विभागले : एका बाजूला मेरीच्या उपासनेचा इतिहास, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या प्रसूतीचा तुटक, लयबद्ध मजकूर. मातृत्वाविषयीचे बोलणे आणि मातेचे बोलणे एका ओळीत बसत नाही, हे तिने मुद्रणाच्या मांडणीतून दाखवले. आयरिस मॅरियन यंगने १९८४ साली गर्भवतीच्या देहानुभवाचा विचार करताना हेच विभाजन तत्त्वज्ञानाच्या भाषेत मांडले : गर्भारपणाच्या चर्चेत गर्भ असतो, वैद्य असतो, ती स्वतः अनुभव घेणारी म्हणून क्वचितच असते. मराठीतील या विषयावरच्या वाङ्मयाला हे विश्लेषण चांगले लागू पडते, पण एका मर्यादेपर्यंतच. यूरोपात दोन स्तंभ वेगळे छापावे लागले. ओवीत ते एकाच ओळीत, कैरीच्या आडून, शेजारी शेजारी नांदत होते. ही दुहेरी वाणी पारखण्याची साधने आयात सिद्धांतांत तयार मिळणार नाहीत.

गेल्या काही दशकांत मराठी पुस्तकबाजारात गर्भसंस्काराच्या ग्रंथांनी जी जागा व्यापली आहे तिचा वाङ्मयप्रकार म्हणून विचार फारसा झालेला नाही. आनंदी राहा, चांगले ऐका, वाईट पाहू नका, हा त्यांचा आज्ञार्थ सुश्रुताच्या कोशाचाच वंशज आहे. त्यांच्या संगीताने वा स्तोत्रांनी पुष्कळ स्त्रियांना विसावा मिळत असेल. तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु चरकाची सवलत, म्हणजे तीव्र इच्छेपुढे शास्त्राने माघार घेणे, या आज्ञार्थात गळून पडलेली दिसते, आणि शोक करणारीची धमकी मात्र सौम्य शब्दांत शिल्लक राहते. खिन्न गर्भवती अशा पुस्तकातून आणखी एक गोष्ट शिकते : खिन्न असल्याबद्दल अपराधी वाटणे.

याच्या उलट, १९८७ साली एडिंबरा येथे तयार झालेली दहा विधानांची प्रश्नावली पाहावी. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी ती रचली गेली आणि पुढे गर्भारपणातही वापरली जाऊ लागली. गेल्या सात दिवसांत हसू आले का, पुढच्या गोष्टींची वाट पाहावीशी वाटली का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, स्वतःला इजा करण्याचा विचार आला का, असे ती विचारते. बाळाचा उल्लेख तीत नाही. डोहाळ्यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला ही अनुपस्थिती कोरडी वाटेल. पण फक्त एका हृदयाला उद्देशून केलेली अशी पृच्छा या परंपरेत विरळाच. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या अखेरच्या तिमाहीपासून स्त्रियांचा मागोवा घेऊन २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्याच्याशी निगडित बाबींत गरिबी, नवऱ्याची मारहाण, गर्भारपणातच असलेली मनाची अस्वस्थता, आणि मुलगी होणे, या होत्या. पेढ्याबर्फीच्या वाट्यांवर हसणाऱ्या बायकांमध्ये बसलेली ती, वाटी उचलण्यापूर्वी, काय विचार करीत असेल, हे कोणत्याही डोहाळगीताने अद्याप नोंदवलेले नाही.